फोटो एकाचा, बातमी दुसऱ्याची

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)



आज आम्ही फोटोंबद्दल बोलणार आहोत. रेडिओवर फोटो दिसत नाही, हे खरं. पण तुमच्या घरातल्या पेपरात, टीव्हीवर आणि पोरांच्या मोबाइलवर तो रोज दिसतो. रानातल्या जनावराची बातमी आली की तिच्या डोक्यावर जो फोटो असतो, तो पुष्कळदा त्या जनावराचा नसतोच. बातमी बिबट्याची, फोटो चित्त्याचा. बातमी घोणस चावल्याची, फोटो अजगराचा. बातमी तरसाची, फोटो लांडग्याचा.

कुणी म्हणेल, त्यात एवढं काय? चूक पेपरवाल्याची, आपलं काय जातं? आपलं काय जातं, तेच आज सांगायचं आहे.

आपल्यातल्या किती तरी जणींना पेपर वाचता येत नाही. ज्यांना येतो, त्यांना वेळ नसतो. भाकरी थापता थापता पोरगा पेपर पुढे धरतो, तेव्हा आपण अक्षरं बघत नाही, फोटो बघतो. फोटो आज्जीलाही कळतो आणि अंगणवाडीतल्या लेकरालाही कळतो. म्हणून बातमीतली अक्षरं बरोबर असली आणि फोटो चुकला, तर घरोघरी चुकीचीच गोष्ट पोचते. आणि शेतात, गोठ्यावर, सरपणाला, पाण्याला जाते कोण? बाई जाते. कोणत्या जनावराला भ्यायचं, कोणत्याला वाट द्यायची, हे तिला नीट कळायला पाहिजे.

आधी बिबट्याचं घेऊ. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, अकोले, संगमनेर, निफाड, सिन्नर, या सगळ्या पट्ट्यातल्या बायांना बिबट्या नवा नाही. ऊस वाढला, बारमाही हिरवा आडोसा झाला, तशी बिबट्याची वस्ती उसात झाली. अकोले तालुक्यात डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतशिवारात कॅमेरे लावून अभ्यास केला होता. तिथे शंभर चौरस किलोमीटरमागे साधारण पाच मोठे बिबटे निघाले, आणि तेवढेच तरस. हे जंगल नव्हे, दाट वस्तीचं शिवार. त्या बिबट्यांच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा होता गावच्या कुत्र्यांचा. म्हणजे हे जनावर आपल्या बांधाला राहतं, आणि त्याचा फोटो मात्र परदेशातल्या दुसऱ्याच जनावराचा छापून येतो.

आता आम्ही सांगतो तसं डोळ्यांपुढे आणा.

बिबट्याचं अंग पिवळसर. त्यावर काळे ठसे. पाठीवरचा ठसा भरीव नसतो, फुलासारखा असतो, कडेनं काळा आणि मधे पिवळा. डोक्यावर आणि पायांवर मात्र भरीव ठिपके. अंग बुटकं, दणकट. शेपूट लांब.

चित्ता वेगळा. पाय लांब, कंबर बारीक, डोकं लहान. अंगावरचे ठिपके भरीव आणि गोल, शाईत बोट बुडवून टेकवावं तसे. आणि सगळ्यांत मोठी खूण म्हणजे डोळ्याच्या कोपऱ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ. लेकरू रडल्यावर काजळ ओघळतं ना, तशी. ही रेघ दिसली की तो चित्ता, बिबट्या नव्हे.

तिसरा जग्वार. तो दक्षिण आणि मध्य अमेरिकेतला. त्याच्याही अंगावर फुलासारखे ठसे, पण मोठे, आणि फुलाच्या आत पुन्हा काळे ठिपके. हा फोटोही आपल्याकडच्या बिबट्याच्या बातमीवर दिसतो.

भारतातला चित्ता संपल्याचं १९५२ साली जाहीर झालं. पुढे १७ सप्टेंबर २०२२ रोजी आफ्रिकेतल्या नामिबियातून आठ चित्ते आणून मध्य प्रदेशात कुनोच्या जंगलात सोडले. मग नारायणगावच्या उसात चित्ता कुठून येणार? हिंदीत पुष्कळ लोक बिबट्याला ‘चीता’ म्हणतात. टीव्हीवर ते ऐकून आपली पोरंही म्हणतात. नाव सरमिसळ झालं की फोटोही सरमिसळ होतो.

याचा तोटा काय? चित्ता उघड्या माळावर, दिवसाउजेडी, पळून शिकार करतो. बिबट्या आडोशाला दबा धरतो, बहुतेक वेळा अंधार पडल्यावर. पळणाऱ्या चित्त्याचा फोटो बघून ज्या लेकराच्या डोक्यात ‘बिबट्या असा लांबून पळत येतो’ हे बसलं, ते मोकळ्या रानाकडे बघत राहील. धोका तर पाठीमागच्या उसाच्या कडेला असतो. वाकून काम करणारी बाई, परसाकडेला बसलेलं माणूस, एकटं खेळणारं लेकरू बिबट्याला लहान जनावरासारखं वाटू शकतं. म्हणून सांजेनंतर उसाच्या कडेला एकटं बसायचं नाही, लेकरू एकटं सोडायचं नाही, हातात बॅटरी आणि काठी ठेवायची, बोलत किंवा मोबाइलवर गाणी लावून जायचं, शेळ्या चारही बाजूंनी बंद गोठ्यात बांधायच्या. फोटोवाल्यांनी बरोबर बिबट्या दाखवला आणि तो उसाच्या कडेला दाखवला, तर एवढी सगळी शिकवण त्या एका फोटोतून मिळेल.

नावाची अजून एक गंमत आहे, ती आपल्या घरचीच. आपली जुनी माणसं बिबट्याला वाघच म्हणतात. वाघोबाची ठाणी आहेत आपल्या डोंगरात, वाघबारस पाळतात, आणि तिथे ‘वाघ’ म्हणजे दोन्ही. पट्ट्यापट्ट्यांचा तो ढाण्या वाघ. आज्जी म्हणाली, ‘मळ्यात वाघ आलाय’, तर घरातल्यांना कळतं. पण तेच वाक्य बातमीत गेलं आणि शहरातल्या कुणी वर ढाण्या वाघाचा फोटो लावला, तर अख्खा तालुका हादरतो. मुलींची शाळा पहिल्यांदा बंद होते. बाया कामावर जात नाहीत, दिवसाची मजुरी बुडते. बिबट्या त्या शिवारात आधीपासून असतो, त्या दिवशी नवा येतो तो फक्त फोटो.

आता एक गोष्ट नीट ऐका. फोटोतलं जनावर बरोबर असलं तरीही फोटो चुकीचा असू शकतो. तुम्ही बघा, ‘अमक्या गावात बिबट्याचं दर्शन’ अशी साधी बातमी असते. कुणाला तरी तो रस्ता ओलांडताना दिसला, निघून गेला, कुणाला काही केलं नाही. आणि फोटो कसा? जबडा वासलेला, सुळे दाखवणारा, डोळे वटारलेला. असा फोटो कित्येकदा पिंजऱ्यात सापडलेल्या बिबट्याचा असतो. भोवती माणसांचा गराडा, आरडाओरडा, आणि ते जनावर भ्यालेलं असतं म्हणून गुरगुरतं. गोठ्यात कोंडलेली, पहिलटकरीण म्हैससुद्धा परक्या माणसावर शिंगं रोखते. तो फोटो शांतपणे निघून गेलेल्या बिबट्याच्या बातमीवर लावला की ती बातमीच बदलते. लोक म्हणतात, पकडा, मारा. जमाव जमतो. आणि जमावानं चारी बाजूंनी घेरलेला बिबट्या खरोखरच अंगावर येतो. मग जखमी होतात ती आपलीच पोरं.

हे बदलू शकतं बरं का. मुंबईत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवती बिबट्यांची अशीच भीती होती. तिथे २०११ पासून वन खात्यानं, अभ्यासकांनी आणि नागरिकांनी मिळून काम सुरू केलं. त्यात पत्रकारांनाही बसवून बिबट्याबद्दल सांगितलं. बिबट्या दिसणं म्हणजे हल्ला नव्हे, हे त्यांच्याशी बोलून पटवावं लागलं. मुंबईच्या पत्रकारांना सांगता येतं, तर आपल्या तालुक्याच्या वार्ताहरालाही सांगता येईल.

ऊसतोडीच्या बहिणींसाठी पिल्लांबद्दल सांगतो. तोडणी चालू असताना उसात पिल्लं सापडतात. लगेच मोबाइलवर फोटो फिरतो, ‘बिबट्याचे बछडे सापडले’. पुष्कळदा ती रानमांजराची किंवा वाघाटीची पिल्लं असतात. वाघाटी ही मांजराहूनही लहान अशी रानमांजराची जात आहे, अंगावर तांबूस ठिपके असतात. त्या ठिपक्यांवरून लोक फसतात. एकदा का चुकीच्या पिल्लांचा फोटो ‘बछडे’ म्हणून छापून आला, की पुढच्या उसात कुणीही रानमांजराची पिल्लं घाबरून उचलतं, आणि ती आईपासून तुटतात. पिल्लं कुणाचीही असोत, करायचं एकच. हात लावायचा नाही, तेवढा फड सोडून द्यायचा, वनरक्षकाला फोन करायचा. बिबट्याची असली तर आई जवळपास असणार, तेव्हा सगळ्यांनी लांब व्हायचं. वन खात्याची माणसं आणि जुन्नरजवळच्या माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राचे डॉक्टर अशी पिल्लं तपासून रात्री त्याच जागी ठेवतात, आणि कित्येकदा आई येऊन त्यांना घेऊन जाते.

तरस आणि लांडगा यांचंही असंच. तरसाचा खांदा उंच, मागचा भाग उतरता, मानेवर आयाळ, अंगावर काळपट पट्टे. पट्टे दिसले की लोक वाघ म्हणतात आणि काठ्या घेऊन धावतात. तरस बहुतेक मेलेल्या जनावरांवर जगतं. गावाबाहेर ढोर टाकलं तर साफ कोण करतं? तेच. आणि लांडग्याच्या बातमीवर तर बर्फातला लांडगा छापतात, अंगभर दाट लोकर, कमरेएवढा उंच. आपल्या सोलापूर, कर्जत, बारामतीच्या माळावरचा लांडगा सडपातळ आणि आखूड केसांचा. मेंढपाळ भावाला विचारा, तो फोटो बघून हसेल.

आता सापांकडे येऊ. इथे चुकीचा फोटो जिवावर बेततो.

आपल्याकडे माणसं मरतात ती मुख्यतः चार सापांच्या विषानं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. यांच्या बातम्यांवर फोटो कुणाचे येतात? घोणशीच्या बातमीवर अजगर किंवा डुरक्या घोणस, मण्यारीच्या बातमीवर कवड्या, आणि ‘विषारी नाग पकडला’ याच्यावर बिचारी धामण. घोणशीच्या पाठीवर साखळीसारख्या तपकिरी ठिपक्यांच्या तीन रांगा असतात आणि ती कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फुत्कार टाकते. डुरक्या घोणस जाड, आखूड, तिला विष नाही. मण्यार काळी, चकचकीत, तिच्या अंगावर बारीक पांढरे आडवे पट्टे, बहुधा जोडीजोडीनं, मानेकडे नसल्यासारखे आणि शेपटीकडे ठळक. कवड्याचं उलटं, तपकिरी अंग, पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट होत जाणारे. त्याला विष नाही.

पेपरात मण्यार म्हणून कवड्या छापला, आणि तसाच कवड्या आपल्या घरात निघून कुणाला चावला, काहीच झालं नाही, तर घरातले काय म्हणतील? ‘मण्यारीनं काही होत नाही.’ पुढच्या वेळी खरी मण्यार चावली की तीच माणसं सकाळपर्यंत थांबतील. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला झोपेत चावते. चावा फार दुखत नाही, सूज येत नाही, दातांच्या खुणाही दिसत नाहीत. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, बोलणं जड होतं, मग श्वास अडतो. तोवर उशीर होतो.

म्हणून आम्ही सांगतो, साप चावला तर फोटो जुळवत बसू नका. मोबाइलवर फोटो पाठवून ‘हा विषारी आहे का’ असं विचारण्यात वेळ घालवू नका. साप पकडून किंवा मारून दवाखान्यात न्यायचीही गरज नाही, त्या नादात दुसरं माणूस चावून घेतं. या चारही सापांच्या विषावर एकच लस चालते, आणि डॉक्टर माणसाची लक्षणं बघून उपचार करतात. चावलेला हातपाय हलवायचा नाही, करकचून बांधायचं नाही, चिरायचं नाही, मांत्रिकाकडे जायचं नाही. १०८ ला फोन करून किंवा मिळेल त्या गाडीनं लस असलेला दवाखाना गाठायचा, आणि बरं वाटलं तरी डॉक्टर सांगतील तितका वेळ तिथेच थांबायचं. कोपीतल्या बहिणींनी शक्य तर खाटेवर झोपावं, मच्छरदाणी गादीखाली खोचावी.

आता या चुका होतात कशा, तेही सांगतो. आमच्या गटानं एका वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. घोणस चावून एक बाई दवाखान्यात होती, आणि बातमीवर फोटो होता अजगराचा. काही दिवसांनी त्यांच्या वार्ताहराचा फोन आला. म्हणाला, ‘ताई, बातमी मी पाठवली, फोटो मी पाठवलाच नव्हता. रात्री शहरातल्या कचेरीत कुणी तरी लावला.’ असंच असतं पुष्कळदा. तालुक्यातून नुसती अक्षरं जातात. रात्री पान लावणारा माणूस घाईत असतो, तो संगणकात नाव टाकतो, जो फोटो पहिला येतो तो लावतो. त्यानं साप जवळून पाहिलेलाही नसतो. शिवाय भीतीदायक फोटोला लोक जास्त बघतात, हेही एक कारण. आता तर यंत्राकडून हवा तसा फोटो बनवून मिळतो. कुणी गंमत म्हणून आपल्या बसथांब्यावर बिबट्या बसवतो आणि गटात टाकतो, आणि वनखात्याची गाडी रिकामीच दहा चकरा मारते. ती गाडी ज्या गावात खरी हवी होती, तिथे पोचायला उशीर होतो.

मग आपण काय करायचं? बचत गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर दहा मिनिटं यासाठी ठेवा. महिनाभरातली कात्रणं आणि मोबाइलवर आलेले फोटो मांडा आणि प्रत्येकाला तीन प्रश्न विचारा. फोटो कुणी काढला? कुठे काढला? कधी काढला? उत्तर मिळालं नाही तर तो फोटो पुढे पाठवायचा नाही. फोटोखाली बारीक अक्षरात ‘संग्रहित छायाचित्र’ किंवा ‘प्रातिनिधिक’ असं लिहिलेलं असतं, ते शाळेतल्या मुलीकडून वाचून घ्या. त्याचा अर्थ एवढाच, की हा फोटो या घटनेचा नाही.

पेपरात चूक दिसली तर पत्र लिहा. भांडण नको. चार ओळी पुरतात. ‘अमक्या तारखेच्या अंकात, अमक्या पानावर घोणशीच्या बातमीसोबत अजगराचा फोटो आहे. आमच्या गावात लोक फोटो बघून साप ओळखतात. कृपया दुरुस्ती छापावी. योग्य फोटो नसेल तर फोटोशिवाय बातमी द्यावी, आम्हाला चालेल.’ खाली गटाचं नाव आणि सगळ्यांच्या सह्या. जिला सही येत नाही तिचा अंगठा. वार्ताहर गावात आला की चहा पाजा आणि हेच तोंडानं सांगा.

आणि आपल्याकडून खरा फोटो जाऊ द्या. जिवंत जनावराच्या जवळ जाऊन नव्हे, ते मुळीच करू नका. पण चिखलात ठसा उमटलेला असेल तर त्याच्याशेजारी काडेपेटी किंवा नाणं ठेवून वरून फोटो काढा, म्हणजे आकार कळतो. बिबट्याच्या ठशात नखं दिसत नाहीत, कुत्र्याच्या आणि तरसाच्या ठशात दिसतात. शेळी किंवा वासरू मारलं असेल तर जागा न हलवता फोटो काढा, वनरक्षकाला लगेच कळवा, नाही तर पंचनाम्याला आणि भरपाईला अडचण येते. वन खात्याचा फुकट फोन नंबर आहे १९२६. पुन्हा सांगतो, एक नऊ दोन सहा. चुलीजवळच्या भिंतीवर कोळशानं लिहून ठेवा.

पुढच्या कार्यक्रमाआधी प्रत्येक गटानं एक एक कात्रण शोधून ठेवावं, बरोबर फोटोचं किंवा चुकीच्या फोटोचं. केंद्रावर आणून द्या किंवा फोन करून सांगा, कोणत्या जनावराची बातमी होती आणि फोटोत काय होतं. ज्या पेपरानं बरोबर फोटो छापला, त्यालाही आपण शाबासकीचं पत्र पाठवू. तोवर लेकरांना जवळ घेऊन निजा, बॅटरी चार्ज करून ठेवा.